तीन सूत जागा

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. यंदा बेडरूममध्ये लाकडी फ्लोअरिंग करून घेतले. मिस्त्रीने चारी भिंतींपाशी बोटभर फट सोडली आहे. विचारले तर म्हणतो, "असंच असतं ताई, वर स्कर्टिंग आलं की दिसणार नाही." माझे सासरे म्हणतात, हे काही खरे नाही, माप चुकले ते आता पट्टीखाली लपवतोय, फटीत झुरळे होतील, त्यापेक्षा पांढरे सिमेंट भरून घे. घरात सरळ दोन तट पडले आहेत. फट लागतेच का? आणि लागत असेल तर किती? स्कर्टिंग अजून बसायचे आहे, म्हणून घाईने विचारते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खरे मिस्त्रीचे. पांढरे सिमेंट आणून ठेवले असेल तर ते बाथरूमच्या कोपऱ्यांना वापरा, या फटीत त्याची चिमूटही जाऊ देऊ नका.

तरी हे उत्तर सासऱ्यांना लगेच वाचून दाखवू नका, कारण त्यांचा संशय उगाच आलेला नाही. स्कर्टिंगच्या पट्टीमागे काय काय दडपले जाते, हे ज्याने एकदा घराचे काम करून घेतले आहे त्याला ठाऊक असते. तिरकी कापलेली फळी, पोट सुटलेली भिंत, अर्धवट राहिलेला प्लॅस्टरचा कोपरा, सगळे त्या तीन-चार इंचांच्या पट्टीआड जाते. म्हणून ही फट मुद्दाम सोडलेली आहे की हात चुकल्यामुळे पडलेली, ते आधी पाहून घ्या. पट्टी घ्या आणि आठ-दहा ठिकाणी मोजा. मुद्दाम सोडायची फट पाचरी लावून सोडतात, त्यामुळे ती जवळपास सारखी भरते. आपले सुतार अजून सुतात बोलतात, इंचाचे आठ सूत. त्या मापाने तीन सूत, म्हणजे साडेनऊ-दहा मिलिमीटर, हे नेहमीचे माप. भिंत थोडी वाकडी असेल तर एखाद्या सुताचा फरक चालतो. पण एका कोपऱ्यात सहा सूत आणि समोरच्या कोपऱ्यात फळी भिंतीला टेकलेली, असे निघाले तर मिस्त्रीला बोलवा. तेवढ्यापुरते सासऱ्यांचे बरोबर.

आता फट कशासाठी. तिला सगळे 'एक्सपान्शन गॅप' म्हणतात, आणि ते नाव ऐकले की आपल्याला शाळेतला रुळांचा धडा आठवतो : उन्हाने लोखंड वाढते म्हणून दोन रुळांमध्ये जागा सोडतात. तो धडा रुळांपुरता बरोबर आहे. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास वाढतो. लाकडाला मात्र हा धडा लावला की सगळे उलटे होते. कडक उन्हाने लाकूड सुकते आणि आकसते. ते फुगते दमट हवेने. त्यासाठी वर पाणी सांडावे लागत नाही, हवेतली वाफ पुरते. जुलैत संडासाचे दार चौकटीत अडकते, आपण सुताराला बोलावून कडेला रंधा मारून घेतो, आणि जानेवारीत त्याच दाराच्या फटीतून उजेड आत येतो, हे आपल्याकडे घरोघर झालेले आहे. तुमच्या मिस्त्रीने केले ते एवढेच, की जुलैतला रंधा त्याने आधीच मारून ठेवला.

माझ्याकडे आजीच्या वेळचा सागवानी पाट आहे. दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, साधा जेवायला बसायचा पाट. पुण्यात एप्रिलमध्ये त्या दोन फळ्यांच्या मधून रुपयाचे नाणे आरपार खाली पडते. ऑगस्टमध्ये तिथे पोस्टकार्ड सरकवून पाहिले तर कोपरा दुमडतो, आत जात नाही. लहानपणी आम्ही या फटीत साखरेचे दाणे भरायचो आणि मुंग्यांची रांग लागली की ओरडा खायचो. तो पाट साठ-सत्तर वर्षांचा तरी असेल. लाकूड जुने झाले की 'मुरते' आणि मग हलत नाही, असे जे म्हणतात ते त्याने अजून ऐकलेले दिसत नाही.

हे का होते ते समजायला कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. लाकूड म्हणजे अशाच बारीक पोकळ नळ्यांची घट्ट जुडी. झाड उभे असताना या नळ्या पाण्याने भरलेल्या असतात. तोडून वाळवले की पोकळीतले पाणी आधी जाते, आणि तोवर लाकडाच्या आकारात काही फरक पडत नाही. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २८-३० टक्के पाणी उरले की मग नळ्यांच्या भिंतींमध्ये मुरलेले पाणी निघू लागते, आणि तिथून आकसणे सुरू होते. परत हवा दमट झाली की तेच पाणी भिंतींत शिरते आणि भिंती जाड होतात. नळी जाड होते, लांब होत नाही. म्हणून फळी रुंदीत वाढते. लांबीत होणारा फरक इतका थोडा की दहा फुटी फळीत वर्षभरात मिलिमीटरभरही जेमतेम. रुंदीतही एक खोच आहे. खोडातल्या वर्तुळांच्या कडेकडेने लाकूड जितके हलते, त्याच्या सुमारे निम्मे गाभ्यापासून सालीच्या दिशेने हलते. म्हणून एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्या सारख्या वागत नाहीत. फळीच्या टोकाला वर्तुळे कशी दिसतात ते पाहून जाणता सुतार ती कुठे वापरायची ते ठरवतो.

थोडे आकडे, कारण 'किती' हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड हळूहळू ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून स्थिर होते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की १६. ठाण्या-मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० च्या वर असते. घरातल्या जमिनीवर पॉलिशचा थर असतो, अधूनमधून एसी चालतो, त्यामुळे ती इतक्या टोकाला जात नाही. आपण ४ टक्क्यांचा फरक धरू. सागवान पाण्याच्या दर टक्क्याला रुंदीच्या हजारात दोन भागांहून किंचित कमी वाढते. म्हणजे चार इंची फळी पाऊण मिलिमीटर. हे ऐकायला काहीच नाही. पण तुमची खोली १२ फूट रुंद असेल तर तिच्यात अशा ३६ फळ्या बसतात. पाऊण गुणिले ३६, म्हणजे २७ मिलिमीटर. इंचाहून जास्त! आणि सागवान हे शहाण्या लाकडांपैकी. हल्ली ज्याची फॅशन आहे तो ओक याच्या दुप्पट हलतो.

मग तीन सूत कसे पुरणार, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. याचे उत्तर जमीन कोणती आणि ती खाली कशी धरलेली आहे यावर आहे, आणि तुमच्या पत्रात नेमके तेच राहून गेले आहे.

जुन्या घरांपासून सुरू करतो. वाड्यांची माडी कडीपाटाची असे : खाली तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट. पाट एकमेकांना चिकटवलेले नसत. प्रत्येक पाट आपल्या खिळ्यांभोवती फुगे आणि आकसे, आणि दोन पाटांमधल्या फटी तो फरक गिळून टाकत. उन्हाळ्यात वर कोणी धपधप चालले की खालच्याच्या ताटात माती पडायची ती याच फटींतून. तिथे भिंतीपाशी वेगळी जागा सोडायची गरज फारशी नसे, कारण जागा पूर्ण माडीभर पसरलेली होती. आजची खिळे मारून बसवलेली अस्सल लाकडाची जमीन अजून बरीचशी याच तत्त्वावर चालते. दोन फळ्यांचा सांधा थोडा दाब घेतो, खिळा फळीला जागच्या जागी धरतो, आणि उरलेले भिंतीपाशी जाते. म्हणून अशा जमिनीला फळ्यांना समांतर असलेल्या दोन भिंतींपाशी चांगली चार-सहा सूत जागा सोडतात. टोकांकडच्या भिंतींपाशी थोडी कमी चालते, कारण लांबीत लाकूड हलतच नाही. बॅडमिंटन हॉलसारख्या मोठ्या लाकडी जमिनींना तर कडेने दोन-दोन इंच मोकळे सोडून वर हवा खेळती राहील अशी रबरी पट्टी लावतात. तिथे कोणी सिमेंट भरायला जात नाही, कारण तिथे कोणाचे सासरे राहत नाहीत.

पण बेडरूममध्ये दोन दिवसांत बसणारे फ्लोअरिंग बहुधा असे नसते. ते एक तर इंजिनियर्ड असते, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवूड. किंवा लॅमिनेट, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाचा कडक बोर्ड आणि वर लाकडाचे चित्र. प्लायवूडमध्ये एक थर उभा तर दुसरा आडवा असतो, त्यामुळे एक फुगू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणून ते अस्सल फळीपेक्षा पुष्कळ कमी हलते. लॅमिनेटच्या बोर्डात धाग्यांना दिशाच उरलेली नसते, म्हणून तो लांबीत आणि रुंदीत जवळपास सारखाच वाढतो. ढोबळ हिशेब मीटरमागे एक ते दीड मिलिमीटर. तुमच्या १२ फुटांना चार ते साडेपाच.

आणि ही जमीन खाली कुठेही ठोकलेली नसते. फोमच्या चादरीवर ती नुसती पडलेली असते, फळ्या मात्र एकमेकींत खटाखट अडकवलेल्या. कामगार तिला 'फ्लोटिंग' म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे. इथे प्रत्येक फळी आपापली हलत नाही. सगळी खोली मिळून एकच मोठी फळी होते आणि ती अख्खी वाढते. मधल्या सांध्यांत जागा शून्य. जी काय जागा असेल ती भिंतीपाशी. म्हणून फ्लोटिंग जमिनीला चारही बाजूंनी फट लागतेच. यात मत-मतांतराचा प्रश्नच नाही. साडेपाच मिलिमीटरच्या वाढीला दोन्हीकडे मिळून वीस कशाला, तर ही तरंगती चटई मधोमध राहील याची काही खात्री नसते. एका बाजूला जड कपाट आले की तिकडे ती दबते आणि सगळी वाढ दुसऱ्या बाजूला ढकलते. दोन्ही बाजूंना पुरेसे ठेवायचे, एवढाच उपाय. हॉल जर आठ-दहा मीटरच्या पुढे लांब असेल तर मध्ये, शक्यतो दाराच्या उंबऱ्यात, एक धातूची पट्टी टाकून जमीन तोडतात. 'आम्हाला पट्टी नको, सलग दिसू दे' असा आग्रह घरमालकच धरतात. सलग दिसते, दोन वर्षे.

फट बुजवली तर काय होते हे मी जवळून पाहिले आहे. एका मित्राच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये, जमीन घातल्याला दुसरा पावसाळा चालू होता. गॅलरीच्या दाराजवळ पाय टाकला की जमीन खाली दबायची आणि पाय उचलला की टक् असा आवाज करून वर यायची. पट्टी लावून पाहिले तर मधोमध चांगला पाऊण इंचाचा उंचवटा, झोपलेल्या मांजराच्या पाठीसारखा. मित्राला वाटत होते खालून ओल आली. मी स्कर्टिंगची एक पट्टी काढायला लावली. आत फट नव्हतीच. रंगकाम करणाऱ्याने पट्टी बसण्याआधी नीट दिसावे म्हणून पुट्टी आणि पांढरे सिमेंट कालवून ती कडेकडेने भरून टाकली होती, अगदी हात फिरवून गुळगुळीत. जिकडे भरली होती त्या भिंतीपाशी फळीची कड सिमेंटमध्ये इतकी रुतली होती की तिचा ठसा उमटला होता. पटाशीने ते सगळे खरवडून काढायला दोन माणसांना दुपार लागली. शेवटच्या तुकड्याला पटाशी लावली तेव्हा जमिनीने करकर असा लांब आवाज केला. उंचवटा लगेच गेला नाही; आठवडाभरात आपसूक बसला. नवीन एक फळीसुद्धा लागली नाही. ते भरणारा माणूस बाकी कामात फार चोख होता, हेच वाईट वाटते. आळशी रंगाऱ्याने ही जमीन वाचवली असती.

खिळ्यांच्या अस्सल जमिनीत फट बुजली तर ती अशी उठून उभी राहीलच असे नाही, तिची शिक्षा वेगळी असते. फळ्यांना फुगायला जागा मिळाली नाही की त्या एकमेकींना दाबतात आणि कडांचे तंतू चिरडले जातात. पावसाळ्यात काहीच दिसत नाही, उलट जमीन फार घट्ट, छान वाटते. मग उन्हाळा येतो. फळ्या आकसतात, आणि चिरडलेली कड परत पूर्ववत होत नसल्यामुळे आधी नव्हत्या तेवढ्या रुंद फटी जमिनीभर पडतात. लोक म्हणतात, लाकूड ओले होते, सुताराने फसवले. कधीकधी तसे असतेही. पण पुष्कळदा ते मागच्या पावसाळ्याचे बिल असते.

आता स्कर्टिंग, कारण तुमचे खरे काम तेच बाकी आहे. जुन्या दिल्ह्याच्या दाराकडे एकदा लक्ष देऊन पाहा. दिल्हा, म्हणजे हल्ली ज्याला पॅनेल म्हणतात तो मधला चौकोन, चौकटीला चिकटवलेला नसतो. चौकटीला आतून खाच पाडलेली असते, तिच्यात तो नुसता बसवतात, आणि खाचेच्या तळाशी थोडी जागा मोकळी ठेवतात. बाहेरून फट दिसत नाही, आत दिल्हा वर्षभर खालीवर श्वास घेत राहतो. एखाद्या रंगाऱ्याने ऑइलपेंटचा जाड थर देऊन तो खाचेत चिकटवून टाकला की तो मधोमध तडकतो. जमीन म्हणजे आडवा पडलेला दिल्हा आणि स्कर्टिंग म्हणजे त्याच्या चौकटीची खाच. यावरून स्कर्टिंग कुठे ठोकायचे ते आपोआप ठरते : भिंतीत. जमिनीत कधीच नाही. पट्टी खालून जमिनीला गोंदाने किंवा खिळ्याने धरली तर तुम्ही फट सोडलीत आणि दाराला बाहेरून कडी घातलीत. पट्टी जमिनीवर दाबूनही बसवू नये. पोस्टकार्ड खालून कसेबसे सरकेल इतकी ती सुटी असावी. स्कर्टिंगची जाडी फटीपेक्षा जास्त हवी, हे सांगायची गरज नसावी, पण पातळ पीव्हीसीची पट्टी घेऊन मग खालून फट डोकावते म्हणून सिलिकॉन भरलेली घरे आहेत.

दाराच्या चौकटीपाशी स्कर्टिंग नसते. तिथे फळी चौकटीभोवती कापून बसवण्याऐवजी चौकटीचाच पाय खालून फळीच्या जाडीइतका कापतात आणि फळी तिच्याखाली सरकवतात. तुमच्या मिस्त्रीने तसे केले असेल तर तो जाणता आहे, त्याला चहा द्या. भिंतीत बसवलेली कपाटे जमिनीवर उभी करू नका. आधी कपाट, मग त्याच्या पायापर्यंत जमीन आणि तिथेही फट. नाहीतर अख्खी तरंगती जमीन एका बाजूने खुंटीला बांधल्यासारखी होते.

झुरळांचे म्हणाल तर त्यांना तीन सूत हा राजवाडा आहे, हे मान्य. पण त्यांना त्या फटीत खायला काही नसते, आणि वरून पट्टी आल्यावर वाटही फारशी राहत नाही. वाळवीची भीती जास्त खरी. पण ती फट भरून थांबत नाही, जमीन घालण्याआधी औषध मारून थांबते. तरी मोकळी जागा डोळ्यांत खुपतच असेल तर एकच गोष्ट भरता येते, बूच. बाटलीचे बूच एका बाजूने दाबले तरी दुसऱ्या बाजूने बाहेर फुगत नाही, मुकाट्याने लहान होते आणि दाब सुटला की परत मोठे. बुचाच्या पट्ट्या मिळतात. स्कर्टिंग लावायचे नसेल, समजा काचेच्या सरकत्या दारापाशी, तर त्या उपयोगी पडतात. बेडरूममध्ये कशाला तो खर्च.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तीन सूत की चार हे तिच्यावर ठरते : काम कोणत्या महिन्यात झाले? एप्रिल-मेमध्ये घातलेली जमीन सुकी, आकसलेली असते. तिला फक्त वाढायचेच असते, म्हणून फट थोडी सैल हवी. ऑगस्टमध्ये घातलेली जमीन आधीच फुगलेली असते. तिला भिंतीपाशी कमी जागा पुरते, पण अस्सल लाकडाची असेल तर मार्चमध्ये फळ्यांच्या मध्ये रेषा दिसू लागतील आणि तेव्हा सुताराला शिव्या देण्यात अर्थ नसेल. दोन्ही वेळी फळ्यांचे खोके आणल्या आणल्या उघडून कामाला लागू नये. ज्या खोलीत घालायचे त्याच खोलीत ते किमान दोन-तीन दिवस आडवे पडू द्यावेत, अस्सल लाकूड असेल तर आणखी बरेच. आणि स्लॅब नवा असेल तर लाकडाची नव्हे, आधी त्याची ओल बघावी. प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. खालून दहिवर धरले तर थांबा. त्या ओलीपुढे तीन सूत काय, तीन इंच फटही काही करू शकत नाही. तीच गोष्ट रोज ओल्या फडक्याने लादी पुसायच्या आपल्या सवयीची. लॅमिनेटच्या सांध्यात पाणी मुरले की कडा ज्या फुगतात त्या परत बसत नाहीत.

घर बंद ठेवून परदेशी जाणाऱ्यांनाही दोन शब्द. पावसाळाभर खिडक्या बंद असलेला फ्लॅट आतून फार दमट होतो आणि फुगलेल्या जमिनींच्या तक्रारी अशा घरांतून पुष्कळ येतात. गंमत म्हणजे तेच लोक न्यू जर्सीच्या किंवा शिकागोच्या घरात उलटे बघतात. तिथे हिवाळ्यात हीटिंग चालू झाले की घरातली हवा कोरडी ठक्क होते आणि जानेवारीत जमिनीत फटी पडतात. उन्हाळ्यात दमट हवेने त्या मिटतात. तिथल्या सुताराचा पावसाळाही जुलैतच येतो.

प्रश्न : मग टाइल्सना का नाही सोडत फट? आमच्या हॉलमध्ये लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, भिंतीपर्यंत अगदी चिकटून बसवलेल्या.
— नाशिकहून

उत्तर : टाइलला पावसाळ्याचे काही वाटत नाही, ती लाकडासारखी दिसली तरी. पण जागा तिलाही लागते, कारणे निराळी. टाइल उन्हाने किंचित वाढते, आणि खालचा नवा स्लॅब सुकताना काही वर्षे हळूहळू आकसत राहतो. वरची लादी तेवढीच आणि खालचा पाया लहान होत चाललेला. मध्ये ग्राउटची रेघ असेल आणि कडेला पाच-सहा मिलिमीटर मोकळे असेल तर हे खपून जाते. स्पेसर न लावता टाइलला टाइल चिकटवली आणि कडेला सिमेंटने गच्च भरले तर एखाद्या रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि सकाळी दोन लाद्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या दिसतात. भूकंप झाला असे समजून लोक बिल्डरला फोन करतात. तुमच्या टाइल्स आजवर उठल्या नसतील तर आता खोदाखोदी करू नका. हॉल लहान असेल तर बहुधा निभावते.

प्रश्न : दुकानदार म्हणतो एसपीसी घ्या, वॉटरप्रूफ आहे, फट सोडायची कटकट नाही. खरे का?
— कोल्हापूरहून

उत्तर : पहिले अर्धे खरे. एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक. दमट हवेने त्याला काही होत नाही. पण प्लॅस्टिक उन्हाने वाढते, आणि इथे मात्र तो रुळांचा धडा लागू होतो. पश्चिमेच्या मोठ्या काचेतून दुपारचे ऊन जमिनीवर पडत असेल तर तिथली फळी हाताला चटका बसेल इतकी तापते. तिलाही भिंतीपाशी पाच-सहा मिलिमीटर हवेत. खोक्यावर बारीक अक्षरांत ते छापलेले असते. दुकानदाराला म्हणावे, वाचून दाखव.

ठाण्याच्या ताईंसाठी शेवटचे. स्कर्टिंग ठोकण्याआधी मिस्त्रीला विचारा, फट धरायला किती पाचरी लावल्या होत्या. तेवढ्या मोजून परत घ्या. त्या लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या गुटक्या काम संपताना हमखास आत विसरतात, आणि पट्टीमागे राहिलेली एक पाचर जमिनीला त्या जागी सिमेंटइतकीच घट्ट अडवते. मोजताना सासऱ्यांना जवळ बसवा. त्यांची नजर चांगली आहे.